अक्कांचं पाचवं खळं

रोज पहाटे माझ्या डोक्यावर टण्ण असा आवाज व्हायचा. आमच्या इमारतीत मी सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्याच्यावर गच्ची. आधी काहीतरी घरंगळत जायचं, मग जरा शांतता, मग टण्ण. की पुन्हा घरंगळणं सुरू. विमा कचेरीतून निवृत्त होताना मी एकच मनसुबा रचला होता, उन्हं अंगावर येईपर्यंत झोपायचं. जळगावच्या उन्हाळ्यात झोप लागते ती पहाटेच, आणि नेमकी तीच कुणीतरी वर बसून पळवत होतं. काही दिवस सोसलं. मग एके दिवशी लुंगी सावरत, काय काय बोलायचं ते जिन्यात ठरवत वर गेलो.

वर प्रमिलाअक्का. आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या, मुलींच्या शाळेतून भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, हातात सपाट तोंडाची एक चकचकीत काठी. समोर फरशीवर स्टीलचा पेला आडवा ठेवलेला आणि त्यात एक पांढरा चेंडू.

"अक्का, काय चाललंय हे?"

"गोल्फ," त्या म्हणाल्या. कणीक मळतेय म्हणावं तितक्या सहज.

"या वेळेला?"

"उशीर केला तर गच्ची तापते, भास्करभाऊ. पाय भाजतात."

मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी पुढचं सांगून टाकलं. "आलाच आहात तर त्या पेल्याच्या मागं उभे राहा. चुकलेला चेंडू पाण्याच्या पाइपात जातो." आणि मी राहिलो की हो उभा. भांडायला गेलेला माणूस पहिल्याच दिवशी चेंडू अडवायच्या कामाला लागला. अक्का कशा होत्या हे कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगतो.

त्यांच्या घरात त्या आणि त्यांची धाकटी जाऊ, कुसुमवहिनी. दोघींचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, फार लवकर गेले. तेव्हापासून दोघी जावा एकत्र. दोन जावा एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं भांडल्याशिवाय राहतात हे आमच्या कॉलनीला काही पचत नव्हतं. कुसुमवहिनींना कुणी विचारलंच तर त्या शांतपणे म्हणायच्या, "भांडायला मध्ये एखादा पुरुष लागतो." अक्का उंच, खणखणीत आवाजाच्या, रस्त्याच्या मधून चालणाऱ्या. वहिनी बारीक, हळू बोलणाऱ्या, भिंतीच्या कडेनं चालणाऱ्या. अक्का भाजी निवडायला बसल्या की अर्धी भाजी फेकून द्यायच्या, आणि वहिनी त्यातली निम्मी मुकाट्यानं परत घ्यायच्या.

आता जळगावातल्या निवृत्त शिक्षिकेला गोल्फ कुठून चिकटला, ते सांगतो. अक्कांचा मुलगा स्कॉटलंडला. नातू झाला म्हणून अक्का तिकडे गेल्या. सून बाळाला घेऊन झोपली की यांना करायला काही नाही, आणि अक्कांना रिकामं बसवत नाही. घरामागं गावाचं गोल्फचं मैदान होतं. कुंपणाशी उभ्या राहून रोज बघणाऱ्या या साडीवाल्या बाईला तिथल्या म्हातारीकोतारी मंडळींनी एक दिवस आत बोलावलं. त्यातल्या मार्गारेट नावाच्या आजीबाईंनी काठी हातात दिली. ही मंडळी वर्षातून एकदा कॅन्सरच्या संशोधनासाठी खेळायची. शेजारीपाजारी कबूल करायचे, की तुम्ही एवढी भोकं पार केलीत तर आम्ही एवढे देऊ. अक्कांना ही कल्पना फार आवडली. "आपल्याकडे वर्गणी मागणारा नुसता दारात उभा राहतो," त्या सांगायच्या. "तिकडे आधी घाम गाळतो, मग मागतो."

तिथंच त्यांना फोन गेला. कुसुमवहिनींच्या तपासण्यांचा निकाल आला होता आणि तो वाईट होता. मुलगा म्हणाला, महिनाभर थांब, नीट तिकीट बघू. अक्का त्याच आठवड्यात जळगावात हजर. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात, यांनी नातवाच्या गोधडीत गुंडाळून मार्गारेटबाईंनी दिलेल्या जुन्या काठ्या आणल्या. आणि पहाटेचं टण्ण सुरू झालं. वहिनींच्या औषधांची वेळ होईपर्यंत झोप येत नाही, मग करणार काय, असं त्या मला नंतर कधीतरी म्हणाल्या.

मुंबईच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बरोबर होतो. कागदपत्रांचं मला कळतं हा अक्कांचा समज, आणि मीही तो मोडला नाही. डॉक्टर तरुण होते, बोलायला नीट. गोळ्या लिहून देताना म्हणाले, "काही वर्षांपूर्वी आला असतात ना आजी, तर ही गोळी माझ्याकडे नसती."

"मग आली कुठून?" अक्कांनी विचारलं.

"पुष्कळ लोकांनी मिळून शोधली. आणि त्यांना शोधता यावी म्हणून त्याहून पुष्कळ लोकांनी पैसे दिले."

"कुणी?"

डॉक्टर हसले. "ते कसं सांगू? कुणीही."

परतीच्या वाटेवर अक्का नाशिक गेलं तरी बोलल्या नाहीत. हे इतकं अघटित होतं की ड्रायव्हरनंसुद्धा एकदा मागं वळून पाहिलं. धुळ्याला चहाला देवरे सरांकडे थांबलो. देवरे सर अक्कांचे बी.एड.च्या वेळचे मित्र, गणिताचे मास्तर आणि नियमांचे पक्के. कपबशी हातात घेऊन अक्का म्हणाल्या, "सर, कुसुमच्या गोळीचे पैसे कुणीतरी आधीच भरून ठेवलेत. तिला ओळखतही नाहीत अशा माणसांनी. कुणी सांगावं, माझ्या मार्गारेटचेही असतील त्यात."

"असतील," देवरे सर म्हणाले.

"मग आपणही भरायचे. ज्यांना आपण ओळखत नाही त्यांच्यासाठी. मी गोल्फ ठेवणार आहे."

सरांना ठसका लागला. "इथं? धुळ्यात?"

"छे. एरंडोलला."

धुळ्यात नाही हे ऐकून सर जरा दुखावलेच. धुळ्याचा वेगळा संघ असेल या अटीवर ते राजी झाले. कुसुमवहिनी खिडकीशी बसून हे ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या दुखण्याचा तमाशा करू नका, वन्सं." त्या जावेला वन्सं म्हणायच्या, का ते दोघींनाही सांगता यायचं नाही.

"तमाशा नाही. शेवटचा चेंडू तुझा," अक्का म्हणाल्या.

"मी नाही मारणार. डॉक्टर सुटलीस म्हणाले, की मारीन. आधी मारला तर नजर लागेल."

"ठीक आहे. तुझा चेंडू मी ठेवून देते. घाई नाही."

मला तेव्हा हे दोन बायकांचं लाडिक बोलणं वाटलं. नंतर कळलं, की अक्कांनी सगळा डाव या एका चेंडूवर लावला होता. संशोधन, वर्गणी, मैदान, सगळं खरं. पण त्यांना स्वतःसाठी एकच गोष्ट पाहायची होती, कुसुमच्या हातून तो चेंडू गेलेला.

वर्गणीला मी त्यांच्याबरोबर फिरलो. सगळीकडे एकच प्रश्न, "अक्का, एखाद्या पेशंटला थेट द्या ना. संशोधन कुणी पाहिलंय?" अक्का चिडायच्या नाहीत. म्हणायच्या, "आजच्या पेशंटला द्यायला तुम्ही आहात की. जरूर द्या, मी तुमचा हात धरलाय का? मी मागतेय ते उद्याच्या पेशंटसाठी. तो अजून आजारी पडलेला नाही म्हणून स्वतः येऊ शकत नाही. त्याच्या वतीनं मी आले." समोरचा गृहस्थ आपल्या पोटावर हात फिरवायचा आणि कपाट उघडायचा.

काठ्या कमी होत्या. आमच्या इमारतीखाली हमीदभाईंचं वेल्डिंगचं दुकान, गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं. त्यांची मुलगी अक्कांच्या हाताखाली शिकलेली, म्हणून ते अक्कांना टीचर म्हणायचे. त्यांनी मार्गारेटबाईंची काठी उलटीसुलटी करून पाहिली आणि पाण्याच्या पाइपाला लोखंडी पट्टी जोडून तशाच डझनभर केल्या. एकेक काठी अशी वजनदार की उचलली तर खांदा उतरावा. "टीचर, गेटची गॅरंटी देतो, हिची नाही देत," म्हणाले. अक्कांनी पैसे काढले तर त्यांनी वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला. "अम्मीला हेच होतं. नका देऊ. मला पण खेळायला घ्या, बस."

मग गच्चीवर आमची तालीम. मी आयुष्यात कॅरमच्या पलीकडे काही खेळलो नव्हतो. अक्का मागं उभ्या राहून माझ्या चुका मोजायच्या नाहीत, नुसत्या मोठ्यानं सांगायच्या, अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा. "डोकं खाली, भास्करभाऊ. इतकी वर्षं वर करून काय मिळवलंत?" जोर लावला की म्हणायच्या, "ही काय कुऱ्हाड शे?" मनासारखं झालं नाही की त्यांच्या तोंडी माहेरची अहिराणी यायची. आणि चेंडू चुकून पेल्यात गेला की डोळे मिटून तो आवाज ऐकायच्या. "याच्यासाठी खेळायचं, भाऊ. बाकी सगळी पायपीट." माझी बायको मंगला खालून चहा पाठवायची, पण बाजू कायम अक्कांची घ्यायची.

जागा म्हणजे एरंडोलजवळचं अक्कांच्या भावाचं शेत. उडीद-मूग निघून गेले होते, जमीन मोकळी होती. भोकं किती, तर शेतात मावली तेवढी, म्हणजे पाच. पण खरी पंचाईत पुढं होती. तिकडे चेंडू शेवटी ज्या जागी हळूच ढकलायचा, तिथं कापलेलं मऊ गवत असतं. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात हिरवं म्हणजे केळी, नाहीतर पाट्यावरचा ठेचा. अक्कांनी दोन दिवस विचार केला आणि उपाय काढला, खळं.

पूर्वी ज्वारी-बाजरी मळायला शेतात खळं करत. जमीन भिजवायची, चोपायची, दगडी रोळ फिरवायचा आणि शेणानं सारवायची, की दाणा सांडला तरी हातानं गोळा करता यावा अशी गुळगुळीत होते. आता यंत्रं आली आणि खळी गेली. पण गावातल्या यमुनाबाईंनी उभ्या जन्मात कितीतरी खळी सारवलेली. अक्कांनी विचारल्यावर त्यांना असा काही उत्साह आला की चार बायका घेऊन त्या दुसऱ्याच दिवशी शेतावर. पाच खळी तयार झाली. प्रत्येकाच्या मध्ये अक्कांनी स्वतः खड्डा खणून तुपाचा रिकामा डबा पुरला, चेंडू पडला की वाजावा म्हणून. स्पर्धेच्या आदल्या दिवशी एक शेवटचा हात फिरवा, एवढं यमुनाबाईंना सांगून आम्ही जळगावला परतलो.

स्पर्धेला गर्दी तोबा झाली. उगाच फुशारकी मारत नाही, ती गोल्फला नव्हती. अक्कांनी चतुराईनं भरीत पार्टी ठेवली होती. थंडीत शेतावर भरीत म्हटल्यावर आमच्या खान्देशात माणूस घरी कसा बसेल? एका बाजूला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, दुसऱ्या बाजूला लाकडी बडजीत ठेचली जात होती, आणि त्या धुरातून धुळ्याचा संघ पांढऱ्या टोप्या घालून जीपमधून उतरला. कुसुमवहिनी लिंबाखाली खाटेवर बसल्या होत्या. औषधांनी केस गेलेले, डोक्याला रुमाल. येणारा जाणारा त्यांच्यासमोर आवाज खाली करायचा आणि त्यांना ते मुळीच आवडायचं नाही.

पहिला चेंडू अक्कांचा. काय सुरेख मारला त्यांनी. उडून थेट पहिल्या खळ्याच्या कडेला. आम्ही सगळे मिरवणुकीसारखे मागं. तिथं पोहोचलो आणि अक्का थबकल्या.

खळ्यावर खड्डाच नव्हता. सारवण असं एकसंध की तळहातासारखं, आणि मधोमध, जिथं डबा पुरला होता तिथं, आठ पाकळ्यांचं कमळ. पांढऱ्या रांगोळीचं, मध्ये हळदीचा ठिपका.

"यमुनाबाई, खड्डा कुठे गेला?"

यमुनाबाई पदराला हात पुसत पुढं आल्या. चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान. "अक्का, खयाले खड्डा बरा दिसस का? आम्हीन बठ्ठा बुजी टाकात."

पाचही बुजवले होते. सारवलेल्या जमिनीत खड्डा ठेवून कुठली बाई हात धुईल? वर पाहुणे येणार म्हणून पाचही ठिकाणी रांगोळी. नकाशात तापी उलटी वाहवली म्हणून याच अक्कांनी एका मुलीला तास संपेपर्यंत बाकावर उभं केल्याचं मी ऐकून होतो. अक्का कमळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती सुंदर काढलंय हो. हे कोण खणणार? ऐका सगळ्यांनी. ज्याचा चेंडू पिवळ्या ठिपक्यावर थांबेल, त्याचा आत गेला."

"हे नियमात बसत नाही," देवरे सर म्हणाले.

"नियमात खळं तरी कुठं बसतं, सर?"

तोवर धुळ्याच्या संघावर दुसरंच संकट. देवरे सरांचा चेंडू बांध ओलांडून शेजारच्या शेतात गेला. त्या शेतात कपाशी होती, वेचायची राहिलेली. पांढऱ्या बोंडांत पांढरा चेंडू. धुळ्याचे पाचसहा निवृत्त सभ्य गृहस्थ वाकून वाकून कपाशीत शोधताहेत आणि शेतमालक बांधावरून ओरडतोय, की आलाच आहात तर वेचून तरी टाका. जेवणाच्या वेळेपर्यंत निम्मे चेंडू त्या कपाशीनं खाल्ले. पुढच्या वर्षी हमीदभाईंनी गेटाला मारतात तो तांबडा रंग सगळ्या चेंडूंना दिला, तेव्हा तो प्रश्न सुटला. मी पाच खळ्यांना किती चेंडू मारले ते विचारू नका. माझ्या नावावर वर्गणी कबूल करणाऱ्यांचं मात्र काही नुकसान झालं नाही.

पाचव्या खळ्यापाशी अक्कांनी एक चेंडू ठेवला. "हा कुसुमचा." सगळे लिंबाकडे वळले. वहिनींनी खाटेवरूनच मान हलवली. अक्कांनी चेंडू उचलून पर्समध्ये टाकला आणि भाकरी वाढायला गेल्या.

संध्याकाळी परतताना गाडीत मी म्हटलं, "अक्का, फत्ते झाली की." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "झाली. आवाज तेवढा नाही झाला, भाऊ." एवढ्या गर्दीत, एवढ्या कौतुकात बाईला त्या तुपाच्या डब्याची रुखरुख लागली होती. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

मग दरवर्षी हे ठरूनच गेलं. अक्का यमुनाबाईंना बजावून सांगायच्या, या वेळी खड्डे ठेवा. यमुनाबाई मान डोलवायच्या. आणि सकाळी पाहावं तर पाची खळी चंद्रासारखी, वर कधी कमळ, कधी मोर. "हात थांबत नही, अक्का," यमुनाबाई खाली मान घालून सांगायच्या. पुढं पुढं लोक रांगोळ्या बघायलाही येऊ लागले. जमलेली रक्कम डॉक्टरांनी सुचवलेल्या प्रयोगशाळेला जायची, तिकडून पोच आली की अक्का ती जिन्यातल्या फळ्यावर लावायच्या आणि वाचल्याशिवाय कुणाला पुढं जाऊ द्यायच्या नाहीत. आणि दरवर्षी पाचव्या खळ्यावर तो एक चेंडू ठेवला जायचा, सगळे लिंबाकडे बघायचे, वहिनी मान हलवायच्या. त्यांचे केस परत आले, पांढरेशुभ्र. अंगावर जरा मांस चढलं. चेंडू मात्र पर्समध्येच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघं पुन्हा मुंबईला गेलो. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिले आणि म्हणाले, "आजी, आता गोळी बंद. वर्षातून एकदा तोंड दाखवा, बस." वहिनी रडायला लागल्या. अक्कांनी विचारलं, "म्हणजे चेंडू मारता येईल?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. "हो, काहीही करता येईल."

दुसऱ्या पहाटेपासून गच्चीवर दोन जोड बूट. घरंगळणं, घरंगळणं, आणि अक्कांचा आवाज, "कुसुम, डोकं खाली." वहिनींचा चेंडू कधी पेल्याच्या डावीकडून जाई, कधी उजवीकडून, आणि पाइपातून थेट माझ्या बाल्कनीत पडे. टण्ण व्हायचं ते अक्कांचंच. "जमेल गं. हिवाळ्याला अवकाश आहे," अक्का म्हणायच्या.

दिवाळी झाली आणि अक्का गेल्या. दुपारी जेवून वर्तमानपत्र घेऊन आरामखुर्चीत बसल्या होत्या. वहिनी ताक घेऊन आल्या तर चष्मा नाकावर, पेपर मांडीवर आणि बाई नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही सगळे इतकी वर्षं कुसुमवहिनींवर डोळा ठेवून बसलो होतो, अक्कांकडे कुणी बघितलंच नाही. मला दुःख व्हायच्या आधी राग आला. इतकं सगळं उभं करायचं, आणि नेमकं आता जायचं? हमीदभाईंनी दुकान बंद ठेवलं. यमुनाबाई गावाहून आल्या आणि दाराशीच बसून राहिल्या. मुलगा आला, दिवस करून परत गेला. आईला कधी नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं, म्हणाला, शेवटी बसलेलीच सापडली.

माझं निवृत्तीचं स्वप्न आता पुरं झालं. पहाटे गच्ची गप्प. आणि मी अंधारातच टक्क जागा, छताकडे बघत.

देवरे सरांचा धुळ्याहून फोन आला, यंदा राहू द्यायचं का? मला पटलं. सांगायला समोरच्या घरात गेलो. वहिनी जमिनीवर बसून मिरच्या निवडत होत्या. मी घसा साफ करेपर्यंत त्यांनीच विचारलं, "भास्करभाऊ, वांग्यांचं सांगितलंत का? उशिरा सांगितलं की चांगली मिळत नाहीत."

"वहिनी, यंदा..."

"यंदा माझा चेंडू आहे," त्या हळूच म्हणाल्या. संपलं बोलणं. इतकी वर्षं भिंतीच्या कडेनं चालणारी बाई.

शेतावर तीच गर्दी, तोच धूर. पहिल्या खळ्यावर मोर, दुसऱ्यावर कमळ, तिसऱ्यावर वेल, चौथ्यावर तुळस. पांढऱ्या टोप्या, तांबडे चेंडू. सगळं जागच्या जागी आणि सगळं ओकंबोकं. चारही खळी आम्ही खेळलो. मग पाचव्या खळ्यापाशी आलो.

त्यावर रांगोळी नव्हती. आरशासारखं सारवलेलं खळं आणि मधोमध खड्डा. गोल, काठ बोटानं फिरवून फिरवून गुळगुळीत केलेला, आत तुपाचा डबा. मी यमुनाबाईंकडे पाहिलं.

"अक्काले खड्डा पाहिजे व्हता ना," त्या म्हणाल्या. "म्हणीसन ठेवा." आणि तोंडाला पदर लावला.

वहिनी पुढं झाल्या. हातात मार्गारेटबाईंची काठी. पर्स अक्कांची होती, तीत हात घालून त्यांनी तो एक चेंडू काढला. इतकी वर्षं पर्समध्ये राहिल्यामुळे त्याला तांबडा रंग लागलाच नव्हता, तो पांढराच होता. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या आणि समोर बघत राहिल्या, खड्ड्याकडे नाही, लिंबाखालच्या रिकाम्या खाटेकडे. वांगी ठेचणारे हातसुद्धा थांबले. कुणीतरी बोलायला हवं होतं आणि जिनं बोलायचं ती नव्हती.

"वहिनी, डोकं खाली," मी म्हणालो.

त्यांनी डोकं खाली घातलं. चेंडू गेला, खड्ड्याच्या डावीकडून. त्या पलीकडे चालत गेल्या, पुन्हा मारला. उजवीकडून. हमीदभाई तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते. वहिनींनी देवरे सरांकडे पाहिलं.

"मारा," देवरे सर म्हणाले. "हवे तेवढे मारा. नियमात बसतं."

तिसऱ्या वेळी चेंडू इतका हळू निघाला की पोहोचेलसं वाटेना. काठाशी आला, थांबला की काय असं झालं, आणि पडला.

टण्ण.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हमीदभाईंनी चष्मा काढला. वहिनी खाली बसल्या, डब्यात हात घालून चेंडू काढला, पदरानं पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"भास्करभाऊ, हा आवाज तुम्हाला रोज यायचा?"

"रोज यायचा."

"मग उद्यापासून येईल," त्या म्हणाल्या. "पेल्याच्या मागं उभं राहायला वेळेवर या."